खाड्याचे पैसे

भोसरी, तळवडे, निगडी, कुरुळी, म्हाळुंगे, चाकण इथून आलेल्या मैत्रिणींनो,

आज कामाचा दिवस आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणी ठेकेदाराकडे लागलेल्या आहेत. त्यांची आजची हजेरी लागणार नाही, म्हणजे आजची मजुरीही बुडाली. खाडे वाढले तर कामच जाईल, हे माहीत असूनही तुम्ही आलात. आजच्या सभेची अध्यक्ष म्हणून मला जे सांगायचं आहे ते या खाड्याविषयीच आहे. बायकांच्या संघटनेला पैसा नेमका कशाला लागतो, तो कोणी द्यावा आणि देणाऱ्याने किती बोलावं, एवढाच माझा विषय आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान शेड असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईलाही तीच वाट आहे. प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी असावा, त्याने तक्रार सात दिवसांत पुढे पाठवावी, असं कायदा म्हणतो. तक्रार तीन महिन्यांत करायची. कागदावर हे सगळं नीट आहे. आता म्हाळुंग्याच्या एखाद्या शेडमध्ये पॅकिंग करणारी, परभणीकडून आलेली, दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिच्या गळ्यातल्या कार्डावर ठेकेदाराचं नाव आहे, कंपनीचं नाही. तक्रार कोणाविरुद्ध आणि कुठे लिहायची, इथूनच तिची अडचण सुरू होते. तिच्यासोबत जाणारी, तिचं म्हणणं कागदावर उतरवणारी, दुसऱ्यांदा आणि पाचव्यांदा पुण्याला येणारी बाई लागते. त्या बाईचा खाडा, एसटी-रिक्षाचं भाडं, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, बैठकीच्या खोलीचं भाडं, वकिलाची फी, हा संघटनेचा खरा खर्च आहे. आणि नेमक्या याच खर्चाला पैसे देणारं कोणी भेटत नाही.

बचत गट आहेत की, असं कोणी म्हणेल. या भागात बचत गटांविषयी आदर ठेवूनच बोललं पाहिजे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात राजगुरुनगरला डॉ. सुधा कोठारी आणि त्यांच्या चैतन्य संस्थेने गट बांधले आणि नव्वदच्या दशकात गटांचा संघ उभा केला, ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ. सावकाराच्या दारातून बायकांना बाहेर काढण्याचं काम गटांनी केलं, ते कमी नाही. पण गटातून मिळतं ते कर्ज. शिलाई मशीन घेतलं तर त्यातून हप्ता निघतो. शेजारणीसोबत रात्री पोलीस चौकीत बसलं, त्यातून हप्ता निघत नाही. संघटनेचं काम कर्जावर चालवता येत नाही. त्यासाठी परत न मागितला जाणारा पैसा लागतो.

जगभरात स्त्रियांनी यासाठीच स्वतःचे निधी उभारले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९८३ साली काही मैत्रिणींनी ‘मामा कॅश’ सुरू केला, एकीला वारशाने मिळालेल्या पैशातून. नेपाळमध्ये रीता थापा यांनी नव्वदच्या दशकात ‘तेवा’ उभा केला आणि नेपाळी माणसांकडून लहान लहान देणग्या जमवण्यावर भर दिला. आपल्याकडे हैदराबादचा ‘निर्णया’ त्याच दशकातला. पद्धत साधारण सारखी: लहान गटाला पैसे द्यायचे, वर्षानुवर्षं द्यायचे, कशावर खर्च करायचे ते गटाने ठरवायचं आणि निवड करणाऱ्यांत चळवळीतल्या बायका असायच्या.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी रमाबाई मंडळं निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं द्यायचा, असं वचन होतं. या वचनावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढे ते पुण्याला आलं. मला यातला डॉलर महत्त्वाचा वाटत नाही, दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. कारण १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या वजनदार माणसांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. तरीही सदन बंद पडलं नाही. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती यावर आजही भांडता येईल. पण पुण्यातल्या प्रतिष्ठितांची मर्जी गेली म्हणून मुलींच्या डोक्यावरचं छप्पर गेलं नाही, याचं कारण पैशाची मुदत आधीच ठरलेली होती.

दुसरं उदाहरण तर याच शहरातल्या रस्त्यांवरचं आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिच्या मुळाशी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचं काम होतं. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या विभागात काम करत असताना कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर उकिरड्यांवर फिरल्या, बैठका घेतल्या, कचरा वर्गीकरण करूनच मिळावा यासाठी झगडल्या. विद्यापीठाने पगार दिला आणि काम कुठे जाईल ते बायकांवर सोडलं. अमुक महिन्यांत अमुक इतक्या लाभार्थी, असा तक्ता कोणी मागितला असता तर ती संघटना झाली नसती. पुढे १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी वेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. चोर समजून हाकलल्या जाणाऱ्या बाईच्या हातात पालिकेचा शिक्का असलेलं कार्ड आलं. पंचायतीच्या सभासद वर्गणी भरतात, म्हणून संघटनेला जाब विचारतात. ज्या निधीची मी कल्पना करते त्याचा नमुना मला इथे सापडतो.

मग पैसा कुठून आणायचा? इथले कारखाने डोळ्यांसमोर असताना पहिला विचार सीएसआरचाच येतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सातव्या परिशिष्टात स्त्री-पुरुष समता आणि स्त्रियांचं सक्षमीकरण स्पष्ट लिहिलेलं आहे. मी या पैशाला नावं ठेवत नाही. शाळेच्या खोल्या, दवाखाने, वसतिगृहं त्यातून झाली आहेत. पण २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेची नोंदणी हवी, करसवलतीची प्रमाणपत्रं हवीत, तीन वर्षांच्या कामाचा दाखला हवा. चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. मेदनकरवाडीतल्या पंधरा जणींच्या गटाने हे कुठून आणायचं? आणि कंपनीच्या पैशावर चालणारं केंद्र त्याच कंपनीच्या पुरवठादाराविरुद्ध तक्रार लिहायला बसेल, हे मला शक्य वाटत नाही.

परदेशी मदतीची वाटही अरुंद झाली आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. आता परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या निधीने बाहेरून पैसा आणायचा आणि लहान गटांना वाटायचा, ही जुनी साखळी तेव्हा तुटली. मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो. लहान गटांचंच त्यात सर्वांत जास्त नुकसान झालं.

पण या पट्ट्यात पैसा नाही असं कोणी म्हणू नये. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तेव्हापासून इथे कामगारांच्या घरात पगार येतो आहे. टेल्कोतल्या कामगारांच्या घरच्या स्त्रियांसाठी १९७३ मध्ये गृहिणी संस्था निघाली. त्या घरांत कायम नोकरी होती, युनियन होती. आज त्याच रस्त्यांवरून कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या ठेक्यावरच्या मुलीला यातलं काही नाही. दोघींमध्ये काही देणं-घेणं उरलं आहे, असं मला मनापासून वाटतं. पगाराचा करार होतो, मागचा फरक एकरकमी हातात पडतो. त्या फरकातला एक दिवसाचा पगार युनियनने सभासदांकडून मागावा आणि पुढची दहा वर्षं दरवर्षी एका दिवसाचा मागत राहावा. निवृत्त कामगार, शिक्षिका, परिचारिका, लहान कारखानदारही देतील, पण आधी कोणीतरी दारात जायला हवं. पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या आश्रमासाठी अशाच दारोदार गेल्या, आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत पोहोचल्या.

अशा पैशातून काय होऊ शकतं, ते एका घटनेवरून सांगते. तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्यात आग लागली. बळी गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. कारखाना बिनपरवाना होता, हे त्यानंतर सगळ्यांना कळलं. आत काम करणाऱ्यांना दार कुठे आहे, दारू कुठे ठेवतात हे रोज दिसत होतं. ते दिसलेलं सांगायला त्या वस्तीत एक खोली, एक पगारी कार्यकर्ती आणि एक फोन असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारते. अशा एका खोलीचा वर्षाचा खर्च इथल्या एका मध्यम कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या खर्चापेक्षा जास्त नसेल.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी माझा प्रस्ताव असा. या पट्ट्यातल्या स्त्रियांचा एक निधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा. निवड समितीत ठेक्यावरच्या कामगार, वेचक आणि घरकामगार स्त्रिया निम्म्याहून अधिक असाव्यात, आणि बैठकीला येण्यासाठी पडलेला त्यांचा खाडा निधीने भरून द्यावा. मदत निदान पाच वर्षांची असावी. भाडं, मानधन, प्रवास हे खर्च पहिल्या ओळीत लिहावेत. नोंदणी नसलेल्या गटाला नोंदणीकृत संस्थेच्या आधाराने अर्ज करता यावा. अर्ज तोंडी चालावा, अहवालही तोंडी चालावा, समितीतल्या एकीने वस्तीत जाऊन तो ऐकून लिहून घ्यावा. हिशेब मात्र पै-पैचा असावा आणि तो वस्तीतच वाचून दाखवावा. ज्या कंपनीला विनाअट द्यायचं आहे तिचा पैसा घ्यावा, पण समितीत तिला जागा नसावी.

यातल्या शेवटच्या मुद्द्यावर इथेच मतभेद आहेत, याची मला कल्पना आहे. काही जणींचं म्हणणं आहे की कंपनीचा एक रुपयाही नको. काहींना वाटतं, जागा दिली तरच पैसा येईल. दोन्ही बाजूंनी दुपारी बोला आणि मतदान घ्या. ज्यांना पाळीवर जायचं आहे त्यांनी आपलं मत जेवणाआधी नोंदवून जावं, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत निर्णय होणार नाही.