अधिकाऱ्याचा शब्द आणि शिकाऱ्याचे ताट



रोगराईच्या काळात सरकारी अधिकाऱ्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास कशाने बसतो आणि कशाने उडतो, हा आमचा आजचा विषय आहे. त्यासाठी आम्ही आपणांस अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नेणार आहोत. तेथे रोग झाला हरणांना, पण कसोटी लागली माणसांची.

त्या राज्यात नोव्हेंबरातले नऊ दिवस हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचे. बाप मुलाला, आजोबा नातवाला घेऊन नारिंगी अंगरखा घालून रानात जातात. मिळालेले मांस घरात पुढे कित्येक महिने पुरते. शिकार हा तेथे धनिकांचा षोक नव्हे. सामान्य कुटुंबांचा तो सणच आहे. २००१ च्या हंगामात माउंट होरेब गावाजवळ मारलेल्या तीन हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' नावाचा रोग आढळला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. या रोगाचे मूळ जंतूत नाही. प्रायॉन नावाचे एक विकृत प्रथिन मेंदूचा नाश करते. रोगी हरीण कित्येक महिने धडधाकट दिसते, आणि मांस शिजवल्याने प्रायॉन नष्ट होत नाही.

अधिकाऱ्यांनी तेव्हा लोकांना दोन गोष्टी सांगितल्या. 'हा रोग माणसाला होतो असा पुरावा नाही' ही एक, आणि 'रोगी हरणाचे मांस खाऊ नका' ही दुसरी. दोन्ही खऱ्या होत्या, आणि आजही खऱ्या आहेत. पण स्वयंपाकघरात प्रश्न उठला, 'धोका नाही, तर खाऊ नका का म्हणता?'

हा संशय वेडगळ म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये गाईंना याच जातीचा रोग झाला, तेव्हा १९९० साली तेथील शेतीमंत्र्यांनी छायाचित्रकारांसमोर आपल्या लहान मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला होता. पुढे १९९६ साली त्याच पक्षाच्या सरकारला, तो रोग माणसांपर्यंत पोचला असण्याचा फार संभव आहे, अशी कबुली पार्लमेंटात द्यावी लागली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. दूध तापवले ब्रिटनने. ताक वाढण्याची पाळी आली विस्कॉन्सिनच्या अधिकाऱ्यांवर. त्या वर्षी शिकारीचे परवाने सुमारे दहा टक्क्यांनी घटले.

खरी मेख पुढेच आहे. रोगग्रस्त टापूतील, म्हणजे चारशेहून अधिक चौरस मैलांतील, हरणे समूळ नाहीशी करावीत असे खात्याने ठरविले. पण बंदुका शिकाऱ्यांच्या आणि जमीन शेतकऱ्यांची! ज्याला मांसाविषयी सावध केले, त्यालाच आता अधिक हरणे मारा म्हणून सांगणे आले. खायचे नाही आणि मारायचे मात्र, हे शिकाऱ्याच्या मनाला पटेना. अनेक जमीनमालकांनी साफ नकार दिला. आधी मादी मारा, मग नराची परवानगी मिळेल, या नियमावर तर एवढा रोष झाला की २०११ साली विधिमंडळाने तो रद्द केला. समूळ उच्चाटनाचा बेत त्याआधीच सोडावा लागला होता. रोग मात्र पसरतच राहिला.

तरीही हे लोक सरकारचे वैरी होते असे समजू नये. पहिल्याच हंगामात चाळीस हजारांहून अधिक हरणांची तपासणी झाली, ती मुख्यतः शिकाऱ्यांनी स्वतः हरणांची मुंडकी आणून दिली म्हणून. त्याच राज्यात १९३४ पासून नागरिकांची एक परिषद आहे. दर वसंतात प्रत्येक जिल्ह्यात सभा भरते आणि शिकार, मासेमारी यांच्या नियमांवर लोक आपले मत नोंदवितात. विचारले, तर लोक येतात. नुसती आज्ञा आली, तर घरी बसतात.

आम्हांस वाटते, 'अजून ठाऊक नाही' असे म्हटल्याने अधिकाऱ्याची अब्रू जात नाही. ठाऊक नसताना बर्गर पुढे केल्याने जाते. आणि ती एका मंत्र्याची जात नाही, त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक अधिकाऱ्याची जाते. आपणां नागरिकांकडेही एक काम उरते. अधिकारी 'ठाऊक नाही' म्हणाला, तर त्याला नालायक ठरवू नये. तसे केले, तर पुढच्या वेळी तो आपल्याला आवडेल असे खोटेच सांगेल.