बाई, जाऊ का?

रजा टाकून, एसटीचा प्रवास करून आलेल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

 

'वर्गनियंत्रण आणि विद्यार्थ्यांचं स्वातंत्र्य' हा विषय आपल्या संघटनेच्या कार्यकारिणीनं या अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणासाठी दिला आहे. आढावा घ्यावा, अशी सूचना आहे. तो थोडक्यात घेते. १९०७ साली रोममध्ये माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह काढलं. मुलांना स्वतः उचलून हलवता येतील अशा खुर्च्या-टेबलं तिथं आणली. १९२० मध्ये भावनगरला गिजुभाईंचं बालमंदिर सुरू झालं. तिथं काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. १९८५ साली कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय उभं राहिलं. मग २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, ज्ञानरचनावाद, आणि तो वर्गात राबवणारं साताऱ्याचं कुमठे बीट पाहायला गाड्या भरभरून निघालेले आपण. हे सगळं तुम्ही डी.एड., बी.एड.च्या पेपरात लिहून आला आहात. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे. ती बोलण्यासाठी मी फार वर्षं थांबले.

आपल्या वर्गातल्या मुलीला तासाच्या मध्येच लघवीला जायचं असेल, तर तिला काय करावं लागतं? बाई फळ्यावरून वळेपर्यंत थांबायचं. हात वर करायचा. सगळ्या वर्गाच्या माना वळलेल्या असताना विचारायचं, "बाई, जाऊ का?" मग आपण निकाल देतो. "आत्ताच मधली सुट्टी झाली ना?" "तास संपू दे." "तुला रोज माझ्याच तासाला कशी लागते?" मागून कुणीतरी हसतं. ती मुलगी खाली बसते आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी पिणं सोडते.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्या वर्गातल्या एका आठवीतल्या मुलीची आई शाळेत आली होती. पाण्याची बाटली सकाळी भरून दिली तशी संध्याकाळी घरी येते, म्हणाली. मुलीला सारखी लघवीची जळजळ, ताप. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं होतं आणि मुलगी ऐकत नव्हती. ऐकणार कशी? आदल्या वर्षी एका सरांनी भर वर्गात तिला विचारलं होतं, "इतका वेळ काय करत होतीस?"

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना शाळांत पाणी आणि स्वच्छतागृहं सहा महिन्यांत द्या, असं बजावलं. खोल्या बांधल्या गेल्या, काही ठिकाणी नळालाही पाणी आलं. पण त्या खोलीपर्यंत केव्हा जायचं, हे अजून मुलांचं शरीर ठरवत नाही, आपण ठरवतो. आपल्या हातून छडी गेली तेव्हा ही एक सत्ता आपण मुठीत धरून ठेवली, आणि तिला शिस्त म्हणतो.

त्या आईची गाठ पडल्यावर मी वर्गाच्या दाराशेजारी एक खिळा मुलींसाठी आणि एक मुलांसाठी ठोकला. दोन्हींवर एकेक लाकडी पाटी टांगली. पाटी घ्यायची, जायचं, परत आल्यावर टांगायची. विचारायचं नाही. खिळा रिकामा असेल तर थांबायचं, अगदीच अडचण असेल तर मला नुसती खूण करून निघायचं.

शिक्षकखोलीत वादळ उठलं. वर्गाचा बाजार होईल, म्हणाले. पहिले काही दिवस झालाही. कारण नसतानाही पोरं उठत होती, नवी मुभा खरी आहे का ते तपासत होती. मग ते ओसरलं. एक मुलगा पाण्याच्या टाकीपाशी रेंगाळायचा. त्याला मला बोलावं लागलं नाही. पाटीची वाट पाहणाऱ्या मुलांनीच त्याला सुनावलं. सकाळच्या सत्रात ज्यांनी 'मोकळीक दिली की वर्ग हातातून जातो' असा मुद्दा मांडला, त्यांना माझं हेच उत्तर आहे. आणि 'मुलांना पूर्ण मोकळं सोडा' म्हणणाऱ्यांनाही हेच: दोनच पाट्या ठेवण्याचा निर्णय माझा होता. तो मी मतदानाला टाकला नाही.

गैरफायदा घेतात, हे खरंच आहे. माझा विषय गणित. एका मुलाच्या हातात वरचेवर पाटी दिसू लागली. भूमितीच्या तासाला मात्र तो जागचा हलायचा नाही. अपूर्णांक आले की निघायचा. त्याला चौथीपासून अपूर्णांकांची धास्ती होती आणि ती आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण त्याला नेहमी 'बस खाली' म्हटलं गेलं होतं आणि तो गुमान बसला होता. जबरीनं बसवलेला वर्ग शिक्षकाला काहीच सांगत नाही. मी त्याला शाळा सुटल्यावर पुन्हा छेदापासून शिकवलं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर एक मुलगी उठून पाटी घेऊन गेली. "हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "तिला जायचं होतं, ती गेली." शेऱ्यात 'वर्गनियंत्रण शिथिल' असं लिहिलं गेलं. तो शेरा मी आजही मान्य करत नाही.

केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. चांगलं पाऊल आहे. पाणी पिण्याची आठवण होते. पण तहान आणि लघवी घंटेच्या वेळापत्रकात बसवता येत नाही, मासिक पाळी तर नाहीच. आणि भगिनींनो, तुम्हाला वेगळं काय सांगू? सलग तास, मध्ये ऑफ तास लागला तर बदलीचा वर्ग, वर्ग सोडला तर जाब. आपल्यातल्या कितीजणी घरून निघताना पाणी मोजून पितात! आपल्यालाच हे सोसायची सवय झाली, म्हणून मुलींचं सोसणं आपल्याला दिसत नाही. मला याचा राग येतो, आणि तो या व्यासपीठावर लपवायचं कारण मला दिसत नाही.

काही कामं सुचवते. मोठ्या पटाच्या वर्गात, एकशिक्षकी शाळेत, स्वच्छतागृह लांब असेल तिथं ही पाट्यांची व्यवस्था कशी लावायची, याचा एका छोट्या गटानं बसून विचार करावा. मुख्याध्यापक संघाशी बोलावं लागेल. शिक्षिकांच्या तासांचं वेळापत्रक हाही त्यातलाच भाग. पुढच्या अधिवेशनापर्यंत काहीतरी कच्चा आराखडा हाती यावा.

उद्याच्या खुल्या सत्रासाठी वेतन, रिक्त पदं आणि अशैक्षणिक कामांचे ठराव छापून तयार आहेत. ते झालेच पाहिजेत. त्यांत एक ठराव वाढवा: पाणी पिण्यासाठी आणि स्वच्छतागृहात जाण्यासाठी कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गात परवानगी मागावी लागणार नाही, अशी व्यवस्था या संघटनेचे सभासद आपापल्या वर्गात करतील. यात शासनाकडे मागणी काहीही नाही, म्हणून कदाचित तो सर्वांत अवघड ठरेल. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदक मला सभागृहातून हवा आहे, आणि माध्यमिकच्या एखाद्या सरांनी अनुमोदक व्हावं, अशी माझी विनंती आहे.