उन्हाळ्यातली पोल्ट्री आणि खाद्यातल्या वनौषधी

होळी झाली की विदर्भातल्या पोल्ट्रीवाल्यांचे फोन सुरू होतात. "डॉक्टर, कोंबड्या चोच उघडून बसल्यात. तुळस देऊ का? अश्वगंधा चालेल का?" हे विचारणाऱ्याला आपल्या पक्ष्यांची काळजी आहे, याचं मला समाधान वाटतं. वनौषधींचा उपयोग होतो, हे मी खात्रीने सांगतो. पण चोच उघडल्यावर त्या सुरू करून हाती फारसं काही लागत नाही. त्यांची वेळ त्याआधीची असते.

असं का, ते समजायला आधी कोंबडीचं अंग समजून घ्यावं लागेल. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिच्या शरीराचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं. शेडमधला पारा तिथपर्यंत पोचला की अंगातली उष्णता हवेत सोडायला वावच उरत नाही. मग एकच वाट राहते. धापा टाकून श्वासावाटे पाणी उडवायचं आणि तेवढं अंग गार ठेवायचं. या धापांमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्ताचा समतोल ढळतो, आणि अंड्याचं कवच घडवायला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. एप्रिल-मेमध्ये अंड्याचं टरफल पातळ होतं त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून भागत नाही.

त्याच वेळी आत आणखी एक बिघाड चालू असतो. ताणाची संप्रेरकं वाढतात, पेशींना इजा करणारे घटक साचतात, आतड्याचं अस्तर दुबळं होतं आणि रोगाशी लढायची ताकद घटते. उन्हाळा सरता सरता ज्या बॅचमध्ये आजार शिरतो, तिथे हेच झालेलं असतं. वनौषधींचं काम आहे ते इथे. त्या शेड गार करत नाहीत. आतली झीज कमी करतात, आणि त्यासाठी त्या अंगात आधीपासून जायला हव्यात. म्हणून तापमान चढायच्या दोन आठवडे आधी सुरुवात करा.

माझी पहिली पसंती आवळ्याला आहे. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, त्यामुळे एरवी ते बाहेरून द्यावं लागत नाही. कडक उन्हात मात्र तिची गरज वाढते आणि तयार होणारं पुरत नाही. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं, शिवाय त्यातले तुरट घटक पेशींची झीज रोखायला मदत करतात. 100 किलो खाद्याला अर्धा किलो आवळ्याची भुकटी पुरे. जास्त घालण्याचा मोह टाळा, कारण तोच तुरटपणा प्रमाणाबाहेर गेला तर खाद्यातली प्रथिनं पचायला अडथळा करतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, आवळा थंडीत येतो. झाडाखाली सडा पडतो आणि बाजारात भाव पडतो, त्याच दिवसांत आवळा घ्या, बी काढा, फोडी सावलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या जागी ठेवा. मे महिन्यात धावपळ करून आणलेली जुनी भुकटी आणि तुमची घरची भुकटी यांत फार फरक असतो.

अश्वगंधाच्या मुळांची भुकटी ताणाची संप्रेरकं आटोक्यात ठेवायला मदत करते, तुळशीच्या पानांनी प्रतिकारशक्तीला आधार मिळतो. ब्रॉयलरवरच्या प्रयोगांमध्ये या दोन्ही साधारण अर्धा ते एक टक्का खाद्यातून दिल्या जातात. तुम्ही अर्ध्या टक्क्याच्या पुढे जाऊ नका. हळदीविषयी बरंच बोललं जातं. ती चांगलीच आहे, पण तिच्यातला कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषला जातो, म्हणून उन्हाळ्यासाठी मी तिला पुढची जागा देत नाही.

मिसळताना भुकटी थेट शंभर किलोंत टाकू नका. आधी पाच किलो भरड्यात नीट कालवा, मग तो भरडा उरलेल्या खाद्यात घाला. आणि पाला, मूळ, फोड, जे काही वाळवाल ते कडकडीत वाळलेलं हवं. ओलसर राहिलं तर बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषाने यकृत खराब झालेला पक्षी उन्हात सर्वांत आधी जातो. वास कुबट आला तर ती भुकटी फेकून द्या, पैसे गेले तरी चालतील.

कंपनीच्या करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. पिल्लं कंपनीची, खाद्यही कंपनीचं. त्यात सुपरवायझरला विचारल्याशिवाय काही मिसळू नका. मग कुणी पाण्यातून काढा देतं. द्यायचाच तर दोनदा गाळून, सकाळच्या दोन-तीन तासांपुरता द्या आणि लगेच लाइन धुऊन काढा. नाहीतर निपल तुंबतात, ऐन दुपारी पाणी बंद पडतं, आणि औषधाच्या नादात मरतूक वाढते.

पाण्याचं मी कितीदा सांगितलं तरी मला ते कमीच वाटतं. शंभर लेअर एरवी दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी पितात, कडक उन्हात दुप्पट किंवा त्याहून जास्त. छतावरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. टाकीवर सावली करा, तिच्याभोवती ओली पोती गुंडाळा. भर दुपारी खाद्य काढून घ्या, कारण पचनातही उष्णता तयार होते. पहाटे आणि संध्याकाळी पोटभर खाऊ द्या. पत्र्यांवर पऱ्हाट्या किंवा तणस टाका. हे नसेल तर आवळा, अश्वगंधा सगळं वाया गेलं असं समजा.

तुमच्या शेडमध्ये फायदा झाला का, हे माझ्या शब्दावर सोडू नका. जाळी लावून शेडचे चार कप्पे करा, प्रत्येकात सारखेच पक्षी ठेवा, आणि भुकटीचं खाद्य एकाआड एक कप्प्यात द्या. नुसते दोन भाग केलेत तर पश्चिमेच्या टोकाला दुपारचं ऊन जास्त लागतं आणि तुलना फसते. रोजचं खाद्य, रोजची मरतूक, आठवड्याचं वजन आणि लेअर असतील तर तडकलेली अंडी, एवढं वहीत लिहा. औषधाच्या खर्चाशी ते ताडून पाहा, आणि हिशेब जमत नसेल तर बंद करा.

शेवटी जूनबद्दल. नवतपा संपला की आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण मृगाआधीची ढगाळ, दमट दुपार जास्त धोक्याची असते. हवेत बाष्प भरलेलं असताना धापा टाकूनही कोंबडीच्या श्वासातलं पाणी उडत नाही. त्या दिवसांत फॉगर बंद ठेवा, पंखे जोरात चालवा, लिटर कोरडं ठेवा. आणि पाऊस स्थिरावून रात्री गार होईपर्यंत खाद्यातला आवळा चालूच राहू द्या.