पटावरची विद्या आणि आपल्या मुली
(महोत्सवानिमित्त सुरंगी येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून खेळाविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु खेळावर आयुष्य उभे करू पाहणारी मुलगी आपल्या घरी निपजली, तर समाजाने काय करावे, हा प्रश्न ट्रस्टच्या कार्याचाच आहे.

जपानात शोगी नावाचे बुद्धिबळ खेळतात. तेथे तो रीतसर पेशा आहे. होतकरू मुले प्रशिक्षणसंस्थेत दाखल होतात आणि साधारण सव्विसाव्या वर्षापर्यंत ठरलेला दर्जा न मिळाल्यास त्यांना बाहेर पडावे लागते. कसोटी कठोर खरी, पण पार पडलेल्याच्या पोटापाण्याची सोय असते. मोठ्या स्पर्धांना तेथील वृत्तपत्रे पैसा पुरवितात. १९७४ साली तेथे स्त्रियांसाठीही व्यावसायिक खेळाडूंची वेगळी श्रेणी सुरू झाली.

योगायोग पाहा. त्याच १९७४ साली भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या. हे घराणेही वृत्तपत्राचेच. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांनी १९२३ साली काढलेले ‘नवाकाळ’ ह्याच घरातले. वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तिघी बहिणींनी पहिल्या दहा वर्षांतली सर्व राष्ट्रीय अजिंक्यपदे आपसांत वाटून घेतली. त्यांपैकी पाच एकट्या रोहिणीची!

रोहिणीची खरी परीक्षा मात्र १९७६ साली झाली. वय अवघे तेरा, आणि ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. एकच गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे ह्यांनी निर्वाळा दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. एका शाळकरी मुलीने पटाजवळ जागा मागितली आणि ती तिच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना मिळाली. पुढे १९८० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि १९८१ व १९८३ मध्ये ती आशियाई विजेती झाली.

एवढे होऊनही आपल्याकडे ह्या खेळावर संसार चालत नव्हता. रोहिणीताईंनी पुढे खेळ सोडला, मुद्रणविद्येची पदविका घेतली आणि ‘संध्याकाळ’ पत्राचे संपादकपद सांभाळले. हे कार्य थोरच. पण जपानातल्याप्रमाणे खेळानेच चरितार्थ चालला असता, तर तो पट त्यांनी इतक्या लवकर मिटला असता काय, हा विचार मनात येतोच.

आता दिवस पालटले आहेत. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने ज्येष्ठ खेळाडू कोनेरू हंपी ह्यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. वय एकोणीस. त्या विजयाबरोबर ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. एवढ्या ग्रँडमास्टरांत स्त्रिया मात्र चारच! ह्याचे कारण बुद्धीत शोधू नका, प्रवासात शोधा.

सुरंगीची एखादी मुलगी मुंबईच्या स्पर्धेला निघाली, तर तिला आधी सिल्वासा, मग वापी आणि तेथून आगगाडी. प्रवेशशुल्क आणि भाडे बाप कसेबसे उभे करील. परंतु मुलगी एकटी कशी धाडायची? आईने वा भावाने चार दिवसांची मजुरी सोडायची. मुलगा मित्रांसोबत जातो, मुलगी घरी राहते. खर्चात सर्वांत महाग पडते ती ही सोबत, आणि कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नसतो.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती एवढीच. वह्यापुस्तकांची मदत चालू राहोच. तिच्या जोडीला स्पर्धेस जाणाऱ्या मुलीचे आणि सोबतच्या एका वडीलधाऱ्या माणसाचे भाडे व बुडालेली मजुरी ट्रस्टने द्यावी. ती जिंकलीच पाहिजे, अशी अट मात्र घालू नये. दिव्या एखादीच होते. पण परगावी जाऊन, अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर चार तास स्थिर बसून, स्वतःचा निर्णय स्वतः घेऊन आलेली मुलगी हरली तरी रिकाम्या हाताने परतत नाही.

आईबापांनाही एक सांगणे आहे. मुलगी पटावर बसली असता तिला हाक मारण्यापूर्वी डाव संपू द्या. भाकरी थोडी उशिरा झाली तरी चालेल.