एका तारेवर किती पडदे?

चुडाव्याच्या शाळेत उद्या हा प्रयोग करावयाचा म्हटला, तर हातभर बारीक तार आणि घमेलेभर साबणाचे पाणी पुरे. तारेची टोके पिळून बंद कडे करा, पाण्यात बुडवा, अलगद काढा. कड्यावर पातळ पडदा ताणलेला दिसेल. आता कडे जरा वाकवा. पडदाही वाकतो, पण ढिला पडत नाही. त्याला खोगिराचा घाट येतो: एकीकडून खोलगट, दुसरीकडून फुगीर, आणि दोन्ही बाक जागोजाग सारखे. अशा पृष्ठास गणितात लघुतम पृष्ठ म्हणतात.

बेल्जियमच्या प्लातो यांनी १८७३ साली या प्रयोगांवर मोठा ग्रंथ काढला. ते तेव्हा अंध होते; पडदे दुसऱ्यांनी पाहून सांगावयाचे! बंद तारेवर असे पृष्ठ असतेच, हे सिद्ध व्हावयास मात्र १९३०-३१ साल उजाडले. राडो आणि डग्लस यांनी ते निरनिराळे सिद्ध केले, आणि १९३६ साली डग्लसना फील्ड्स पदक मिळाले.

असते, हे ठीक. पण किती? आम्हा शिक्षकांना एका प्रश्नाचे एकच उत्तर आवडते. सपाट कड्यावर ते तसेच आहे. वाकड्या तारेसाठी असे करा: तारेवरून मुंगी एक फेरी मारील, तेव्हा तिची दिशा एकूण किती अंश वळते ते मोजा. वर्तुळावर ३६०. तार पुरेशी गुळगुळीत असून ही बेरीज ७२० च्या वर जात नसेल, तर चकतीच्या जातीचे पृष्ठ एकच, हे निट्शे यांनी १९७३ साली दाखविले.

त्यापुढे मजा आहे. टेनिसच्या चेंडूची शिवण आठवा. तिच्यासारखी, खोल वळणांची तार करा. शिवणीने चेंडूचे दोन सारखे तुकडे पडतात ना? एक पडदा एका तुकड्याच्या कलाने बसतो, दुसरा दुसऱ्याच्या. हळूच फुंकर घाला, पडदा एकीकडून दुसरीकडे उलटेल. म्हणजे दोन झाले. पण दोन दऱ्यांमधून जाणाऱ्या वाटेला कुठेतरी खिंड ओलांडावी लागते, तसे या दोहोंच्या मधे तिसरे लघुतम पृष्ठ असते. ते साबणात टिकत नाही, जरा धक्का लागला की घसरते. डोळ्यांनी मोजणाऱ्यास दोन, कागदावर मोजणाऱ्यास निदान तीन!

मग कितीही गुळगुळीत तार घेतली, तरी हा आकडा नेहमी मर्यादितच राहतो काय? बहुतेक तारांसाठी तसे सिद्ध झाले आहे. झाडून साऱ्या तारांसाठी मात्र तो प्रश्न अद्याप उघडाच आहे.