वीटभट्टीवरील बालकांचा आहार

भातकापणी उरकली, दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे कल्याण-भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अन्नसुरक्षेची खरी कसोटी ह्याच काळात लागते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्य मिळते. अंगणवाडीतून 6 महिने ते 6 वर्षे वयाच्या बालकास दररोज 500 उष्मांक व 12 ते 15 ग्रॅम प्रथिनांचा आहार मिळणे हा त्याचा हक्क होय. शिवाय अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार आणि बालकांना अंडी दिली जातात. शहापूर तालुका ह्या क्षेत्रात मोडतो; कल्याण मोडत नाही. साहजिकच बिऱ्हाड हलले की हा जादा आहार मागे राहतो.

आधारशी जोडलेल्या शिधापत्रिकेवर आता दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य उचलता येते. अंगणवाडीच्या आहारासाठी मात्र दोन्ही गावांनी हात जोडावयास हवेत. निघणाऱ्या कुटुंबांची यादी बालकांच्या वजनासह ग्रामपंचायतीने भट्टीच्या गावी कळवावी. तेथील अंगणवाडीने ती नावे आपणहून दाखल करावीत. शिक्षकांनी शाळेत आलेल्या मुलांच्या धाकट्या भावंडांची चौकशी करावी. कोवळ्या वयात खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून निघत नाही. म्हणून ही यादी दिवाळीपूर्वीच तयार असावी.