जपानी चित्रकथा आणि आपली मुले



बारामती व इंदापूर येथील आपल्या घरांतून हल्ली संध्याकाळच्या रोझरीच्या वेळीही मुले जपानी चित्रकथांत गढलेली दिसतात. त्यांस ‘मांगा’ म्हणतात. त्या जाळून टाकाव्या काय, असे आम्हांस विचारण्यात येते. बहुतेक मोबाइलवर असल्यामुळे ते जाळणे महागच पडेल!

साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली, तेव्हा त्यांनी त्यांच्या जागी दुसरे काही मागितले. फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ साली छापून निघाले. कथेची आवड त्यांनी पाप मानिली नाही. मोरोपंतांच्या बारामतीत आपण तरी ती कशी मानावी?

तथापि सर्वच ग्राह्य असे नव्हे. ‘डेथ नोट’ (२००३–२००६) या कथेत एक हुषार विद्यार्थी वहीत नावे लिहून गुन्हेगारांस मारितो व स्वतःस नव्या जगाचा देव समजू लागतो. आम्ही ती वाचिली. वाचता वाचता आम्हीही त्याच्या बाजूस झुकलो, हे कबूल केले पाहिजे. म्हणून एका मुलास आम्ही एवढेच विचारिले, “प्रभूच्या उजवीकडे क्रुसावर असलेल्या चोराचे नाव या वहीत आले असते काय?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पहिल्याच पानावर.”

पुढील भाग त्याने आम्हांस वाचावयास दिला आहे.